टाळी द्यायला तबला लागत नाही

मा. संचालक,
दूरस्थ व ऑनलाइन शिक्षण केंद्र, मुंबई विद्यापीठ,
विद्यानगरी, कालिना, सांताक्रूझ (पूर्व)



तुमच्या केंद्राचे नाव बदलले तरी आम्ही अजून 'आयडॉल'च म्हणतो. १९७१ साली टपालाने धडे पाठवून तुमचे काम सुरू झाले. दिवसा नोकरी आणि रात्री अभ्यास करून पदवी घेतलेली माणसे सांताक्रूझ पूर्वेला घरटी एक नाही तरी जिन्यागणिक एक तरी सापडतील. तेव्हा समोर नसलेल्या माणसाला कसे शिकवायचे, हे मुंबईत तुमच्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार नाही. म्हणूनच हे पत्र चर्चगेटच्या संगीत विभागाला न लिहिता तुम्हाला लिहिते आहे.

मागणी एकच आहे. लय आणि तालाची प्राथमिक ओळख करून देणारी मराठी व्हिडिओमाला तुमच्या केंद्राने करावी. ती तबल्याची नको, ढोलकीची नको, पखवाजाचीही नको. फक्त दोन तळहात आणि एक तोंड एवढ्यावर शिकता येईल अशी हवी.

मी वाकोल्यात मुलांना गाणे शिकवते आणि आमच्या महिला भजनी मंडळात पेटी वाजवते. दोन्हीकडे दुखणे एकच. सूर बरे, ताल कच्चा. मुलगी भूप गोड गाते, पण समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, यायचे म्हटले की तबल्याकडे न पाहता माझ्या मानेकडे पाहते. मी मान हलवली की तिची सम! घरी सराव करताना माझी मान नसते, मग ती इंटरनेटवर शोधते आणि तिला सापडतो तो 'तबला शिका'चा पाठ. पहिल्याच मिनिटाला गुरुजी शाईच्या कडेला तर्जनी कशी ठेवायची ते सांगतात. हिच्याकडे तबलाच नाही. चौथ्या मिनिटाला गुरुजींना राहवत नाही, ते एक तुकडा वाजवून दाखवतात, आणि पोर 'वा' म्हणून फोन खाली ठेवते. ती ऐकून आली, शिकली काहीच नाही.

यात त्या गुरुजींचा दोष काढत नाही. वाद्य पडद्यावरून शिकवणे हे कामच तसे अवघड. 'ना'चा आघात चाटेवर नीट पडतो की नाही, मनगट ताठ आहे का, डग्ग्यावरचा तळवा कुठे टेकला आहे, हे सगळे शेजारी बसलेल्या माणसालाच दिसते. बोलांचा निकास ही हात हातात घेऊन शिकवायची गोष्ट आहे. ती गुरुमुखातूनच येते असे जुनी माणसे म्हणतात, ते मला पूर्ण मान्य आहे. पण ताल म्हणजे तबला नव्हे. झाकीर हुसेन अनेक मुलाखतींत सांगत की त्यांना जन्मल्यावर माहीमच्या घरी आणले तेव्हा वडिलांनी, अल्लारखांनी, त्यांच्या कानात तबल्याचे बोल म्हटले. त्या बाळाच्या हातात तबला यायला वेळ होता. आधी कानात बोल पडले, मग ते तोंडी आले, मग हाताने टाळी धरली, आणि वाद्य त्यानंतर. आपल्याकडच्या सगळ्या तालशिक्षणाचा क्रम हाच आहे आणि वाद्याच्या आधीचा हा सगळा भाग पडद्यावरून उत्तम शिकवता येतो. अट एवढीच, की पडद्याला काय जमते आणि काय जमत नाही हे ओळखून पाठ बांधला पाहिजे.

काय जमत नाही ते २०२० च्या टाळेबंदीत सगळ्या संगीतशिक्षकांना कळले. आम्ही व्हिडिओ कॉलवर वर्ग घ्यायला लागलो. 'माझ्याबरोबर टाळी द्या' म्हटले की पडद्यावरची प्रत्येक टाळी मागून यायची, आणि तीही प्रत्येक पोराची वेगळी. मुलांना 'मागे पडता आहात' म्हणावे तर ती बिचारी पुढे धावायची, आणि त्यांच्या घरात बसलेल्या आजीला वाटायचे की पोरगं तर बरोबर देत होतं, आता का घाई करतंय? खरे कोणाचेच चुकत नव्हते. आवाज आणि चित्र जाऊन यायला लागणारा वेळ तालाच्या मध्ये येत होता. हिशेब साधा आहे. मिनिटाला ८० मात्रांची लय धरली तर एक मात्रा पाऊण सेकंदाची. चौगुनीत, म्हणजे मात्रेला चार बोल म्हणताना, एकेका बोलाला सेकंदाचा पाचवा भागही मिळत नाही. कॉलवर जाऊन-येऊन पाव सेकंद गेला, आणि तो सहज जातो, तर एक अख्खा बोल वाटेतच राहिला. त्यातून कॉलची यंत्रणा माणसाचे बोलणे तेवढे आवाज समजते आणि टाळी, टिचकी, तबला हे गोंगाट म्हणून पुसून टाकते. आम्ही टाळ्या वाजवायचो आणि पलीकडे शांतता.

गणपतीच्या आधी मैदानात ढोल-ताशा पथकाचा सराव चालतो तिथे हीच अडचण दुसऱ्या रूपात भेटते. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. पहिल्या रांगेतला ताशा ३४ मीटर मागच्या ढोलवाल्याला सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा ऐकू येतो. म्हणून चांगल्या पथकात मागची रांग निव्वळ कानावर विसंबत नाही, पुढच्याच्या हाताकडे डोळा ठेवते. पथकाला जे जमते ते कॉलवर जमत नाही, कारण तिथे हातही उशिराच दिसतो.

यावरून अनेकांनी निष्कर्ष काढला की ताल ऑनलाइन शिकवता येत नाही. मला तो घाईचा वाटतो. अडचण थेट वर्गाची आहे, आधी चित्रित केलेल्या पाठाची नाही. चित्रित पाठ मुलीच्या फोनमध्येच वाजतो. तिची टाळी आणि पडद्यावरची टाळी एकाच खोलीत, एकाच क्षणी पडतात, मध्ये कोणी येत नाही. तेव्हा तालाच्या बाबतीत आधी करून ठेवलेला पाठ थेट वर्गापेक्षा सरस ठरतो. तुम्ही वर्षानुवर्षे जे करत आला आहात, म्हणजे आधी तयार करून मग पाठवणे, तेच इथे उपयोगी आहे.

दुसरी अडचण डग्ग्याची. मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरला खर्जातला आवाज झेपत नाही, डग्ग्याचा घुमार बराचसा गळून जातो. ऐकायला ही किरकोळ तक्रार वाटेल, पण शिकणाऱ्याच्या दृष्टीने ती मोठी आहे. तीनताल घ्या. नवव्या मात्रेवर काल आहे, तिथे आपण हात बाजूला नेतो. पण ठेक्यात डग्गा गप्प होतो तो दहाव्या मात्रेपासून, 'तिं तिं ता, ता', आणि परत बोलतो तो चौदाव्या 'धिं'ला. हे जाणे आणि येणे कानाला कळते म्हणूनच गायक डोळे मिटूनही ओळखतो की आता सम जवळ आली. फोनवर 'धिं' आणि 'तिं' जवळजवळ सारखेच ऐकू येतात. सोळाच्या सोळा मात्रा एका रंगाच्या होतात आणि पोराला आवर्तनात आपण कुठे आहोत ते समजत नाही. मग ते आकडे मोजते. आकडे मोजणारा माणूस तालात नसतो, तो हिशेबात असतो.

म्हणून सुरुवातीच्या पाठांत तबलाच नको असे मी म्हणते. शिकवणाऱ्याने ठेका तोंडाने म्हणावा, स्पष्ट, 'धिं' भरदार आणि 'तिं' कोरडा. माणसाच्या आवाजातला हा फरक कितीही स्वस्त फोनवर पोचतो. कॅमेरा चेहऱ्यावर नको, हातावर हवा. टाळी कुठे पडते आणि कालाला तळवा कसा उलटा होतो ते दिसू दे. हंगेरीत कोडाय यांच्या पद्धतीच्या शाळांत लहान मुले 'ता, ती-ती' म्हणत लय शिकतात. जिनिव्हात डालक्रोझ यांना आढळले की त्यांच्या विद्यार्थ्यांना स्वरलेखन येते पण लय येत नाही, तेव्हा त्यांनी त्यांना लयीत चालायला लावले. तिकडे लयीची अक्षरे शिकवण्यासाठी मुद्दाम ठरवावी लागली. आपल्याकडे ती शतकानुशतके तयार आहेत, आणि आपण ती तबला घेणाऱ्या मुलांपुरती राखून ठेवली आहेत.

आता ज्यासाठी खरे तर हे पत्र लिहायला घेतले ती गोष्ट. पडदा ऐकू शकत नाही. मुलगी चुकली तर तो थांबवणार नाही, बरोबर आली तर मान डोलावणार नाही. पण पडद्याला थांबता येते, आणि हा गुण कोणी वापरत नाही. शिकवणारीने झपतालाचे एक आवर्तन टाळी-कालासह म्हणावे, 'धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना'. दुसरे आवर्तन विद्यार्थ्यांबरोबर म्हणावे. आणि तिसऱ्या आवर्तनाला गप्प बसावे. हात मांडीवर, तोंड बंद, पडद्यावर आकडे नाहीत, मागे लेहरा नाही. फक्त दहा मात्रांची शांतता. ती संपताच ठरल्या लयीत समेवर 'धी' म्हणत परत यावे. घरी बसलेल्या पोरीने ते रिकामे आवर्तन स्वतः भरलेले असते. तिची सम आणि पडद्यावरची सम एकाच वेळी पडली तर तिला दुसऱ्या कोणी सांगायला नको. नाही पडली तरी सांगायला नको. ती लगेच मागे जाऊन पुन्हा करते. एकदा जमले की दोन आवर्तने रिकामी सोडा, मग चार. मिनिटाला ८० च्या लयीत झपतालाचे एक आवर्तन साडेसात सेकंदांचे होते. साडेसात सेकंद शांतता व्हिडिओच्या जगात कोणी ठेवत नाही, सगळ्यांना भीती की लोक निघून जातील. तुमच्याकडचे विद्यार्थी फीचे पैसे भरून बसलेले असतात, ते जात नाहीत. एवढे धाडस विद्यापीठालाच परवडेल.

लय कोणती धरावी याबद्दल एक सूचना. फार संथ नको. आपल्याकडे 'आधी सावकाश करा' म्हणण्याची सवय आहे, पण नवख्याला संथ लय सोपी नसते, सर्वांत कठीण असते. अतिविलंबित एकतालात चार-पाच सेकंदांची एक मात्रा धरणारे गवई आयुष्य घालवून तिथे पोचतात. सत्तर-ऐंशीची लय रमतगमत चालण्याच्या जवळची आहे, तिच्यात अंग आपोआप साथ देते. तिथून दुगुनीत जावे, आणि संथ लय नंतर, मानाने आणावी.

कोणत्या तालापासून सुरुवात करावी? परीक्षांची पुस्तके तीनतालापासून करतात. मी भजनी ठेक्यापासून करीन, मग केरवा, दादरा, आणि तीनताल चौथा. कारण असे की आपल्या समोरच्या माणसाला ताल 'येत नाही' हे गृहीतच चूक आहे. तुमच्या विद्यापीठाच्या कक्षेत मुंबईखेरीज ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग येते. सिंधुदुर्गातला जो पोरगा रात्रभर डबलबारीत झांज वाजवतो, रत्नागिरीचा जो शिमग्यात नमन-खेळ्यांत आणि गणपतीत जाखडीत नाचतो, पालघरला तारप्याच्या भोवती हातात हात घालून जे फेर धरतात, ते बेताल आहेत असे कोण म्हणेल? दशावतारात पात्र रंगमंचावर येते तेव्हा पखवाज आणि झांज त्याचे पाऊल नेमके उचलतात, हे बघत वाढलेल्या मुलाला सम शिकवायची नसते. तू जे रोज करतोस त्याला सम म्हणतात, एवढेच सांगायचे असते. आमच्या मंडळातल्या बायका गणपतीच्या आरत्यांत तासभर टाळ्या देतात, एकीचीही टाळी चुकत नाही. त्यांना 'केरव्याची आठवी मात्रा कोणती' म्हणून विचारा, सगळ्या गोंधळतात. अंगात आहे आणि नाव ठाऊक नाही, म्हणून गाण्याच्या वर्गात त्या स्वतःला अडाणी समजतात. तुमची व्हिडिओमाला या लोकांपासून सुरू झाली तर तिचा निम्मा अभ्यासक्रम आधीच झालेला असेल.

यासाठी माणसे शोधायला फार लांब जायला नको. लोककला अकादमी तुमच्याच आवारात आहे. ढोलकी, संबळ, हलगी यांचा ठेका ज्यांच्या हातात आहे अशी माणसे तिथे भेटतील. शास्त्राच्या बाजूने तुमच्या विद्यापीठाला अशोक दा. रानडे यांचा वारसा आहे. ते संगीत केंद्राचे पहिले संचालक, आणि शास्त्रीय संगीताबरोबर लोकसंगीत, नाट्यसंगीत, लावणी या सगळ्यांचा विचार एकाच गांभीर्याने करणारे. शेजारी जुहूला निखिल घोष यांनी १९५६ साली सुरू केलेली संगीत महाभारती आहे. घोष स्वतः मोठे तबलजी, आणि तरीही राग-तालाच्या मूलतत्त्वांवर आणि नव्या लेखनपद्धतीवर पुस्तक लिहिण्याइतकी त्यांना प्राथमिक शिक्षणाची फिकीर होती. भातखंडे तर याच मुंबईतले वकील. ज्या काळात संगीत पुस्तकातून शिकता येते हेच लोकांना पटत नव्हते त्या काळात त्यांनी मराठीत क्रमिक पुस्तके लिहिली. समेला फुली, कालाला शून्य आणि टाळीला आकडा ही त्यांच्या पद्धतीतली साधी खूण आज आठ वर्षांचे मूलही वाचते.

मात्र पडद्यावर कोणाला बसवायचे ते जपून ठरवा. नामवंत वादकाला बोलावू नका. उद्घाटनाला अवश्य बोलवा, पाठाला नको. त्यांचा हात वळवळतो, आणि मध्येच दिलेली एक सुंदर तिहाई शिकणाऱ्याची लय घालवते. प्राथमिक शाळेत ज्याने पहिलीच्या वर्गाला कविता शिकवल्या आहेत असा माणूस बघा, शक्यतो एक बाई आणि एक बुवा. मराठी घरात बोलतात तशी असावी. 'प्रस्तुत पाठात आपण कालमापनाच्या संकल्पनेचा परामर्श घेणार आहोत' असे सुरू झाले की आमच्या मंडळाच्या बायका स्वयंपाकाला उठतील.

प्रत्येक पाठाची नुसती आवाजाची प्रतही काढा. दहा मिनिटांचा पाठ साध्या दर्जाच्या आवाजात पाच एमबीच्या आत बसतो, व्हॉट्सअॅपवर सहज जातो, आणि पोळ्या लाटताना पडद्याकडे बघावे लागत नाही. ज्या घरात एकच फोन आहे आणि तो बापाबरोबर कामावर जातो, तिथे मुलीच्या वाट्याला येणारा अर्धा तास नेमका हाच असतो.

परीक्षा घेणार असाल तर एक विनंती आहे. पर्यायी प्रश्नांची नको. 'झपतालाच्या मात्रा किती?' याला 'दहा' असे बरोबर उत्तर देणारी आणि झपतालाला टाळी न देता येणारी मुले मी पुष्कळ पाहिली आहेत. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांत हातावर टाळी-काल दाखवून ठेका म्हणायला लावतात, ते योग्य आहे. तुमच्या विद्यार्थ्याने मिनिटभराची ध्वनिफीत पाठवावी: ठाय, दुगुन, पुन्हा ठाय. दुगुनीतून परत येताना मूळ लय सापडते की नाही, एवढे ऐकले तरी परीक्षकाला सगळे कळते. आणि सत्रातून एकदा तरी संपर्कवर्ग ठेवा, सर्वांना एका खोलीत बसवून एकत्र टाळी द्यायला लावा. तुमच्या इतर विषयांना संपर्कवर्ग असतातच. दुसऱ्याच्या टाळीत आपली टाळी मिसळण्याचे शिक्षण एकट्याने फोनसमोर बसून होत नाही.

ध्वनिमुद्रणाबद्दल तुम्हाला सांगायची गरज नाही, तुम्हीही याच भागात आहात. आमच्याकडे विमान डोक्यावरून गेले की वाक्य अर्धे ठेवायची सवय आहे. रिकाम्या आवर्तनात विमान आले तर ते कापून दोन तुकडे जोडू नका. जोडकाम करताना मात्रेचा अंशभर जरी गेला तरी शिकणारा बरोबर असून चुकीचा ठरेल. अख्खे आवर्तन पुन्हा करा.

पहिला पाठ भजनी ठेक्याचाच करा. तो करून झाला की सगळ्यांसाठी खुला करण्याआधी आमच्या मंडळाला दाखवा. कालिना आम्हाला रिक्षाच्या अंतरावर आहे. वीसेक बायका टाळ घेऊन येऊ, रिकाम्या आवर्तनात कोण कुठे घसरते ते तुम्हाला समोरच दिसेल. मंगळवारी आमचे भजन असते, तो सोडून कोणताही दिवस चालेल. दुपारी तीननंतरची वेळ द्यावी.

आपली,
वाकोल्यातील एक गायनशिक्षिका